हंडा आणि मनोरे : एका आयरिश व्हिस्कीचे रसायन

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात ऊर्ध्वपातनाचा पाठ चालला होता. मिठाचे पाणी उकळायचे, वाफ थंड करायची आणि जमलेल्या पाण्यात मीठ उरलेले नाही हे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून दाखवायचे, हा नेहमीचा प्रयोग. 'ऊर्ध्वपातनाने द्रव शुद्ध होतो' असे वाक्य फळ्यावर लिहून झाले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका गुरुजींनी विचारले, "दारूही ऊर्ध्वपातनानेच करतात ना? मग शुद्ध होत होत शेवटी सगळीकडे तोच अल्कोहोल उरायला हवा. दुकानात इतक्या बाटल्या, इतकी नावे आणि इतके वेगवेगळे भाव कशासाठी?"

सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्या वेळी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि ते अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. उदाहरणासाठी मी आयर्लंडमधील 'जेमसन' ही व्हिस्की निवडली आहे. तिची थोरवी सांगावी असा हेतू नाही. 'शुद्ध म्हणजे काय?' या एकाच प्रश्नावर ज्या धंद्यात शंभर वर्षे भांडण झाले, त्या भांडणात हे घराणे अगदी मध्यभागी होते, एवढेच कारण. मद्यपानाविषयी विज्ञान काय सांगते, तेही लेखाच्या शेवटी येणार आहेच.

मोड आलेले धान्य आणि कर

जॉन जेमसन हा मूळचा आयरिश नव्हे. त्याचा जन्म 1740 साली स्कॉटलंडमधील ॲलोआ या गावी झाला. त्याची पत्नी मार्गारेट ही हेग घराण्यातली. हेग आणि त्यांचे नातलग स्टाइन ही दोन्ही घराणी मद्यार्क गाळण्याच्या धंद्यात मुरलेली होती. डब्लिन शहरातील बो स्ट्रीट येथे स्टाइन मंडळींची डिस्टिलरी होती. जेमसन तिचा कारभार पाहू लागला आणि 1805 पर्यंत तिचा मालक झाला. बाटलीवर आजही 1780 हे साल छापतात, ते या बो स्ट्रीटच्या डिस्टिलरीचे.

कच्चा माल होता बार्ली, म्हणजे आपल्याकडे ज्याला सातू किंवा जव म्हणतात ते धान्य. धान्यात असतो स्टार्च. यीस्टला स्टार्च पचवता येत नाही, त्याला साखर लागते. मग स्टार्चची साखर करायची कोणी? हे काम खुद्द धान्यच करते. बार्ली भिजवून तिला मोड आणले की कोवळ्या अंकुराला अन्न मिळावे म्हणून दाण्यात काही विकरे तयार होतात आणि ती स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. मोड फुटल्यावर दाणे गरम हवेने वाळवले की अंकुराची वाढ थांबते, पण विकरे शाबूत राहतात. अशा वाळवलेल्या दाण्यांना 'माल्ट' म्हणतात. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपल्या घरी बाळासाठी सत्त्व करतात. त्याला येणारा किंचित गोडवा याच क्रियेचा.

माल्टमधील या विकराला पुढे नाव मिळाले 'डायास्टेज'. 1833 साली पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते माल्टच्या अर्कातून वेगळे काढले. प्रयोगशाळेत वेगळे काढले गेलेले हे पहिलेच विकर. म्हणजे जीवरसायनशास्त्राचा एक उगम माल्टमध्ये आहे!

जेमसनच्या काळी यातले रसायन कोणाला ठाऊक नव्हते. कर मात्र सगळ्यांना ठाऊक होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने माल्टवर कर बसवला. डिस्टिलरीवाल्यांनी त्यातून वाट काढली. माल्टच्या जोडीला मोड न आणलेली, म्हणजे बिनकराची कच्ची बार्ली वापरायची. माल्टमधील विकरे इतकी कामसू असतात, की स्वतःच्या दाण्याबरोबर शेजारच्या कच्च्या दाण्यातल्या स्टार्चचीही साखर करून टाकतात. कर वाचला, आणि एक अनपेक्षित परिणामही झाला. कच्च्या बार्लीमुळे मद्यार्काला एक दाट, तेलकट, थोडी मसालेदार चव आली. लोकांना ती आवडली. पुढे कर बदलले, पण चव टिकली. आजही 'पॉट स्टिल' या आयरिश प्रकारासाठी निदान 30 टक्के माल्ट आणि निदान 30 टक्के कच्ची बार्ली हवीच, असा नियम आहे. कर चुकवण्यासाठी केलेली युक्ती दोनशे वर्षांनी परंपरा म्हणून नियमात बसली.

तांब्याचा हंडा

बार्लीची लापशी गाळून मिळालेल्या गोड द्रावात यीस्ट घातले की दोन-तीन दिवसांत साखरेचे इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड होतात. या आंबलेल्या द्रावात इथेनॉल असते जेमतेम 8 ते 10 टक्के. बाकीचे जवळजवळ सगळे पाणी. आता येते ऊर्ध्वपातन.

त्यासाठी वापरत ते पात्र म्हणजे तांब्याचा एक प्रचंड हंडा. वर निमुळती होत जाणारी मान आणि पुढे थंड पाण्यात बुडवलेली नळी. यालाच 'पॉट स्टिल' म्हणतात. आयर्लंडमध्ये हे हंडे अवाढव्य होत गेले. कॉर्कजवळच्या मिडल्टन येथे 1825 साली सुरू झालेल्या डिस्टिलरीतील एका हंड्याची क्षमता सुमारे 1 लाख 40 हजार लिटर होती. तो अजून तिथे पाहायला ठेवला आहे.

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते आणि इथेनॉल 78.4 अंशांना. यावरून विद्यार्थ्यांचा एक गैरसमज होतो. तापमान 78.4 वर गेले की सगळे इथेनॉल उडून जाते आणि मागे पाणी राहते, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. मिश्रण उकळते तेव्हा वाफेत दोन्ही घटक असतात. फक्त ज्याची उडण्याची प्रवृत्ती अधिक, त्याचे प्रमाण वाफेत वाढलेले असते. वजनाने 10 टक्के इथेनॉल असलेले मिश्रण सुमारे 91 ते 92 अंशांना उकळू लागते, आणि त्याच्या पहिल्या वाफेत इथेनॉल असते जवळजवळ 50 टक्के. पण जसजसे इथेनॉल उडते, तसतसा हंड्यातला द्राव फिका होतो आणि वाफही फिकी होत जाते. म्हणून सगळे मिळून पहिल्या फेरीत साधारण 20 ते 30 टक्क्यांचा द्राव हाती येतो. तो दुसऱ्यांदा आणि मग तिसऱ्यांदा गाळायचा. तिसऱ्या फेरीनंतर इथेनॉल 80 टक्क्यांच्या वर जाते. स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी दोनच फेऱ्या करतात. आयर्लंडमध्ये तीन फेऱ्यांची रीत अधिक रुळली.

राहिलेले 20 टक्के म्हणजे नुसते पाणी असते काय? मुख्यतः पाणीच, पण नुसते नव्हे. यीस्ट इथेनॉल बनवताना आणखी शेकडो पदार्थ थोडे थोडे बनवते. ॲसिटाल्डिहाइड 20 अंशांच्या आसपासच उकळते. इथिल ॲसिटेट हा गोडसर फळासारख्या वासाचा एस्टर. आयसोअमाइल अल्कोहोल 131 अंशांना उकळते, आणि त्याचाच एक एस्टर पिकलेल्या केळ्यासारखा वास देतो. यांतला कोणता पदार्थ कधी वर येणार हे केवळ त्याच्या उत्कलनबिंदूवरून ठरत नाही. पाण्याशी त्याचे किती जुळते यावरही ते अवलंबून असते. म्हणून गाळणारा कारागीर सुरुवातीचा भाग बाजूला काढतो, शेवटचा भाग बाजूला काढतो आणि मधलाच भाग ठेवतो. कुठे तोडायचे, यात त्याचे सारे कौशल्य असते. शिवाय हंडा तांब्याचा असल्याने वाफेतील काही दुर्गंधी गंधकयुगे तांब्याशी संयोग पावून मागेच राहतात. तांबे इथे नुसते भांडे नसते, ते अभिक्रियेतही भाग घेते.

या सगळ्या 'अशुद्धी' एकत्र केल्या तरी तयार व्हिस्कीत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी भरते. पण व्हिस्कीला व्हिस्कीची चव आणि वास येतो तो यांच्यामुळे आणि पुढे पिंपातून आलेल्या द्रव्यांमुळे. पाणी आणि निव्वळ इथेनॉल यांच्या मिश्रणाला तिखट जळजळीपलीकडे काही चव नसते. हंडा शुद्धीकरण अर्धवट करतो, आणि त्या अर्धवटपणातच त्याची करामत आहे.

अबकारी अधिकाऱ्याचे यंत्र

हा अर्धवटपणा संपवणारे यंत्र तयार केले ते ईनिअस कॉफी या आयरिश गृहस्थाने. त्याच्या आडनावाचा पेयाच्या कॉफीशी संबंध नाही. तो अबकारी खात्यात नोकरीला होता. चोरून दारू गाळणाऱ्यांचे हंडे पकडणे हे त्याचे काम. 1810 साली डोनेगल परगण्यात अशाच एका छाप्याच्या वेळी त्याच्यावर हल्ला होऊन तो गंभीर जखमी झाला होता. पुढे तो खात्याच्या सर्वोच्च पदापर्यंत चढला. हजारो हंडे पाहिलेल्या या माणसाने नोकरी सोडल्यावर हंड्यालाच पर्याय शोधला, आणि 1830 साली त्याचे पेटंट मिळवले.

त्याच्या आधी काही वर्षे स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट स्टाइन याने सतत चालणाऱ्या ऊर्ध्वपातनाचे यंत्र बनवले होते. हा स्टाइन जेमसनच्या सासुरवाडीच्या नात्यातल्याच स्टाइन घराण्यातला. कॉफीचे यंत्र त्याहून सुटसुटीत आणि कार्यक्षम ठरले.

या यंत्रात दोन उंच मनोरे असतात. पहिल्या मनोऱ्यात एकावर एक अशा भोके पाडलेल्या अनेक तबकड्या बसवलेल्या असतात. आंबलेला द्राव वरून सोडतात आणि तो तबकडीमागून तबकडी खाली उतरतो. खालून पाण्याची वाफ वर चढते आणि प्रत्येक तबकडीवर द्रावातील इथेनॉल उचलून घेते. तळाशी पोचेपर्यंत द्रावात इथेनॉल उरलेलेच नसते. वर जमलेली वाफ दुसऱ्या मनोऱ्याच्या तळाशी जाते आणि पुन्हा वर चढू लागते. इथेही तबकड्या असतात. प्रत्येक तबकडीवर वाफेतील पाणी अधिक प्रमाणात निवळून खाली ठिबकते आणि इथेनॉल वर सरकते. म्हणजे एकेक तबकडी ही जणू एकेक छोटा हंडा. वीस तबकड्या असल्या की एकाच दमात वीस वेळा गाळल्यासारखे होते. यालाच आपण भागशः ऊर्ध्वपातन म्हणतो.

यातली खुबी पुढे आहे. दुसऱ्या मनोऱ्यातली वाफ थंड करायला पाणी लागते, आणि पहिल्या मनोऱ्यात जाणारा थंड द्राव तापवायला इंधन लागते. कॉफीने थंड द्रावाची नागमोडी नळी दुसऱ्या मनोऱ्यातूनच फिरवली. वाफेने द्राव तापवला, द्रावाने वाफ थंड केली. इंधन वाचले आणि पाणीही. हंडा दर वेळी भरायचा, रिकामा करायचा, धुवायचा. कॉफीचे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवता येई. हाती येणारे इथेनॉल 90 टक्क्यांच्या वर.

एक मर्यादा मात्र कॉफीच्या मनोऱ्यांनाही ओलांडता येत नाही. वजनाने 95.6 टक्के इथेनॉल झाले की मिश्रण 78.2 अंशांना उकळते आणि त्याच्या वाफेतही नेमके तेवढेच इथेनॉल असते. वाफ आणि द्रव यांच्यात फरकच उरला नाही तर वेगळे काय करणार? अशा मिश्रणाला ॲझिओट्रोप म्हणतात. कितीही तबकड्या लावल्या तरी साध्या ऊर्ध्वपातनाने यापुढे जाता येत नाही.

"ही व्हिस्कीच नव्हे!"

रसायनशास्त्राच्या दृष्टीने कॉफीचे यंत्र म्हणजे प्रगती. डब्लिनच्या मोठ्या डिस्टिलरीवाल्यांना मात्र तसे वाटले नाही. जॉन जेमसन, विल्यम जेमसन, जॉन पॉवर आणि जॉर्ज रो या चार कंपन्यांचा त्या वेळी जगभर दबदबा होता. त्यांचे म्हणणे असे, की मनोऱ्यांतून निघणाऱ्या मद्यार्काला चवच नसते, तो 'मुका' असतो. कोणत्या धान्यापासून केला हेही ओळखू येत नाही. असा मद्यार्क व्हिस्कीत मिसळून व्हिस्कीच्या नावाने विकणे म्हणजे भेसळ.

आयर्लंडमध्ये सगळ्यांनीच कॉफीला नाकारले असे नाही. उत्तरेत बेलफास्टकडे त्याची यंत्रे चालू झाली. पण खरा फायदा घेतला स्कॉटलंडने. तिथल्या व्यापाऱ्यांनी हंड्यातल्या चवदार व्हिस्कीत मनोऱ्यातला स्वस्त, सौम्य मद्यार्क मिसळून 'ब्लेंड' तयार केले. 1860 च्या कायद्याने अशा मिश्रणाची वाट मोकळी झाली. ब्लेंड स्वस्त पडे, हलके लागे आणि दर वर्षी तीच चव देता येई. त्याचा खप झपाट्याने वाढला.

1878 साली डब्लिनच्या चौघांनी मिळून व्हिस्कीविषयीचे 'सत्य' सांगणारे एक पुस्तकच छापून काढले. स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन यंत्राविरुद्ध पुस्तक काढावे, यावरून त्यांना किती धास्ती वाटत होती हे कळते. प्रकरण पुढे कोर्टात गेले. 1905 साली लंडनच्या इस्लिंग्टन भागातील नगर प्रशासनाने, मनोऱ्यातला मद्यार्क व्हिस्की म्हणून विकल्याबद्दल दुकानदारांवर खटला भरला. खालच्या कोर्टाने दुकानदारांना दोषी धरले. अपिलात न्यायाधीशांची मते समसमान पडली आणि निकाल अडला. शेवटी 1908 साली सरकारने एक शाही आयोग नेमला. व्हिस्की म्हणजे काय, एवढेच त्याने ठरवायचे होते.

आयोगाने 1909 साली अहवाल दिला. त्याचा सारांश असा : धान्याच्या लापशीतील स्टार्चची साखर माल्टमधील डायास्टेजने केलेली असावी, आणि ती आंबवून ऊर्ध्वपातन केलेले असावे. पात्र हंडा असो की मनोरा, दोन्ही व्हिस्कीच. म्हणजे व्याख्येत विकराला जागा मिळाली, हंड्याला नाही. डब्लिनवाले हरले.

त्यांचे रसायन चुकले होते काय? नाही. दोन्ही द्रव रासायनिकदृष्ट्या वेगळे होते आणि फरक कशात आहे हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पण दोन वस्तू वेगळ्या आहेत हे सिद्ध झाले म्हणून त्यांना वेगळी नावे द्यावीत असे आपोआप ठरत नाही. नाव कुठवर ताणायचे हा समाजाने, कायद्याने आणि बाजाराने ठरवण्याचा प्रश्न. मोजमाप विज्ञान करते, व्याख्येची रेघ माणसे ओढतात. दूध, तूप, मध यांच्या शुद्धतेचे मानदंड वाचताना विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे.

पडझड आणि तडजोड

यानंतर एकामागून एक संकटे आली. 1919 ते 1921 चे स्वातंत्र्ययुद्ध, 1922-23 चे यादवी युद्ध. 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी. 1930 च्या दशकात ब्रिटनशी व्यापारी तंटा, त्यामुळे साम्राज्यातील बाजारपेठही आक्रसली. ब्लेंड स्वस्त होते, तगले. हंड्याची व्हिस्की महाग होती, मागे पडली. जिने एके काळी जगात पहिला मान मिळवला त्या धंद्यात मोजकी नावे उरली.

1966 साली जुने प्रतिस्पर्धी जेमसन आणि पॉवर यांनी कॉर्कच्या डिस्टिलरी कंपनीशी मिळून 'आयरिश डिस्टिलर्स' ही एकच कंपनी स्थापली. बो स्ट्रीटच्या भट्ट्या 1971 साली थंडावल्या. 1975 साली मिडल्टन येथे नवा कारखाना सुरू झाला, आणि तिथे एकाच आवारात तांब्याचे हंडेही होते आणि उंच मनोरेही! ज्या जेमसनच्या नावाने मनोऱ्यांविरुद्ध पुस्तक निघाले होते, तीच जेमसन व्हिस्की आता हंडा आणि मनोरा यांतल्या मद्यार्कांचे मिश्रण म्हणून बाजारात आली. काही वर्षे तर साऱ्या आयर्लंड बेटावर मिडल्टन आणि उत्तरेतील बुशमिल्स अशा दोनच डिस्टिलऱ्या उरल्या होत्या. 1988 साली पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीने आयरिश डिस्टिलर्स विकत घेतली आणि जेमसनचा प्रसार पुन्हा जगभर झाला. 2010 साली आयर्लंडमध्ये चार डिस्टिलऱ्या होत्या. 2020 नंतर त्यांची संख्या चाळिशीच्या घरात गेली.

प्रकार कशाने होतात?

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. इतके प्रकार कशामुळे? धान्य, पात्र, पिंप आणि काळ या चार गोष्टींमुळे. पहिल्या दोन आपण पाहिल्या.

गाळून निघालेला मद्यार्क पाण्यासारखा रंगहीन असतो. कायद्याने तो आयर्लंडमध्येच निदान तीन वर्षे लाकडी पिंपात राहावा लागतो. पिंप बहुधा ओक लाकडाचे. अमेरिकेतील 'बर्बन' व्हिस्कीसाठी दर वेळी आतून जाळलेले कोरे ओकपात्र वापरावे असा तिकडचा कायदा आहे. म्हणून एकदा वापरलेली पिंपे अमेरिकेतून आयर्लंडला येतात. दुसरी पिंपे येतात स्पेनमधून, 'शेरी' वाइन मुरलेली.

लाकूड जाळल्यावर त्यातील लिग्निनचे विघटन होऊन व्हॅनिलिन बनते. आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा वास तो हाच. हेमिसेल्युलोजपासून जळक्या साखरेची चव येते. ओकमधील लॅक्टोन खोबऱ्यासारखा वास देतात, टॅनिन तुरटपणा देते. रंगही बराचसा लाकडातूनच उतरतो. लाकडाच्या छिद्रांतून थोडी हवा आत येते आणि संथ ऑक्सिडीकरण चालू राहते.

आता जेमसनच्या काही बाटल्या पाहू. साधी जेमसन म्हणजे हंडा आणि मनोरा यांतल्या मद्यार्कांचे मिश्रण, निदान चार वर्षे मुरलेले. 1963 साली निघालेली 'क्रेस्टेड टेन' ही कंपनीने स्वतः बाटलीत भरलेली पहिली व्हिस्की. त्याआधी कंपनी पिंपेच विके आणि बाटल्या व्यापारी भरत. आता तिचे नाव नुसते 'क्रेस्टेड' असून तिच्यात शेरीच्या पिंपांचा वाटा अधिक आहे. 'ब्लॅक बॅरल'साठी बर्बनची पिंपे आतून पुन्हा एकदा जाळतात. त्यामुळे व्हॅनिलिन आणि जळक्या साखरेची छटा वाढते. 'कास्कमेट्स'च्या एका प्रकारात पिंपे आधी कॉर्कमधल्या एका बिअर कारखान्याला देतात, तिथे त्यांत काळी 'स्टाउट' बिअर ठेवतात, मग परत आणून त्यांत व्हिस्की मुरवतात. आणि एक आहे 18 वर्षांची. तिच्यातला सर्वांत कोवळा अंशही 18 वर्षांचा असावा लागतो.

ती महाग का, याचे गणित वर्गात करता येईल. आयर्लंडच्या थंड हवेत पिंपातून दर वर्षी साधारण 2 टक्के द्रव उडून जातो. या घटीला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. 18 वर्षांनी शिल्लक किती? 0.98 चा 18 वा घात, म्हणजे सुमारे 0.70. शंभर लिटरपैकी तीस लिटर हवेत गेले, आणि जागा व भांडवल अठरा वर्षे अडकून पडले. चक्रवाढ व्याजाचे सूत्र उलटे चालवले की हे उदाहरण तयार.

बाटल्या वेगळ्या, इथेनॉल तेच

गुरुजींचे म्हणणे चूक नव्हते आणि पूर्ण बरोबरही नव्हते. बाटल्यांतला फरक खरा असतो, तो मोजता येतो, पण तो एक टक्क्याच्या आतला असतो. उरलेल्या भागात 40 टक्के इथेनॉल असते, आणि यकृताला भेटते ते हे इथेनॉल. ते हंड्यातून आले की मनोऱ्यातून, तीन वर्षे मुरले की अठरा, याची यकृत विचारपूस करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच अल्कोहोलयुक्त पेयांना मानवात कर्करोग घडवणाऱ्या गटात टाकले आहे. महाग बाटलीला त्यातून सूट नाही.

याचा दारुण पुरावा डब्लिनच्याच इतिहासात आहे. 18 जून 1875 च्या रात्री शहरातील लिबर्टीज भागातल्या एका मद्य-गोदामाला आग लागली. पिंपे फुटली आणि व्हिस्कीचा ओढा रस्त्यातून वाहू लागला. लोक भांड्यांनी, टोप्यांनी, मिळेल त्याने ती भरून पिऊ लागले. त्या रात्रीच्या प्रकारात तेरा जण दगावले. त्यांतला एकही आगीने किंवा धुराने मेला नाही. तेराही जण पाणी न मिसळलेला तीव्र मद्यार्क प्याल्याने मेले. याच आयर्लंडमध्ये 1838 साली कॉर्क येथे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी मद्यत्यागाची चळवळ उभारली होती आणि लाखो लोकांनी शपथा घेतल्या होत्या. व्हिस्कीचा इतिहास सांगताना हे पान गाळून चालणार नाही.

वर्गात काय करता येईल?

मद्यार्क गाळण्याचा प्रयोग शाळेत करू नये. त्याला परवाना लागतो, आणि इथेनॉलची वाफ चटकन पेट घेते. पण या गोष्टीतले विज्ञान शिकवायला दारूची गरज नाही. मोड आलेल्या आणि न आलेल्या गव्हाचे पीठ वेगवेगळे कोमट पाण्यात कालवावे, गाळावे, आणि प्रत्येक गाळलेल्या पाण्याचा थोडा भाग भाताच्या पेजेत घालून अर्धा तास कोमट ठेवावा. मग आयोडिनचा थेंब टाकावा. मोडाच्या पेजेत निळा रंग फिका पडलेला दिसेल. डायास्टेज काम करते आहे ते असे. शाई घातलेल्या पाण्याचे ऊर्ध्वपातन आहेच.

आणि साखर कारखान्याच्या परिसरात शाळा असेल तर मुलांना घेऊन कारखान्याची डिस्टिलरी बाहेरून दाखवावी. मळीपासून मद्यार्क काढणारे ते उंच सडपातळ मनोरे म्हणजे कॉफीच्या मनोऱ्यांचेच वंशज. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल याच रीतीने गाळतात. ॲझिओट्रोपची अडचण तिथेही येते. त्यापुढचे पाणी रेण्वीय चाळण्यांनी, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पदार्थांनी शोषून काढावे लागते आणि इथेनॉल 99.5 टक्क्यांपर्यंत न्यावे लागते. इंजिनाला तो एक टक्का नकोच असतो. डब्लिनची चार घराणी नेमकी त्या एका टक्क्यासाठी भांडली.

तेव्हा फळ्यावरच्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवतो. 'ऊर्ध्वपातनाने द्रव शुद्ध होतो' एवढ्यावर थांबू नये. किती शुद्ध, आणि कशासाठी शुद्ध, हे दोन प्रश्न त्याखाली लिहावेत. मागच्या बाकावरून उत्तरे येतील.